शोध लावला, शोध लागला

काही वर्षांपूर्वी एका बहुभाषिक अनुवाद-कार्यशाळेत आम्हा सहा जणांना एकच कविता दिली होती : वॉल्ट व्हिटमनची 'पॅसेज टू इंडिया'. १८७१ साली प्रसिद्ध झालेली, नऊ भागांची दीर्घ कविता. सहा भाषांतले सहा अनुवादक, प्रत्येकानं आपल्या भाषेत दोन भाग करायचे आणि तिसऱ्या दिवशी एकमेकांना वाचून दाखवायचे, असा बेत होता. मी पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत शीर्षकातच अडकून पडले होते.

'पॅसेज' म्हणजे मार्ग, वाट, प्रवास, ओलांडणं. छापील मजकुराचा तुकडाही 'पॅसेज'च, ज्याला आपण 'उतारा' म्हणतो. 'इंडिया'ची अडचण निराळी. व्हिटमनच्या देशात 'इंडियन' म्हटल्यावर आपण डोळ्यांसमोर येत नव्हतो. कोलंबसाच्या एका चुकीमुळे आपलं नाव दुसऱ्याच लोकांना चिकटलं होतं. आपल्या देशाचं नाव शीर्षकात असलेली ही कविता मला आपल्याबद्दलची वाटेना, आणि ज्यांच्या जमिनीवरून ती जाते त्यांच्याबद्दलचीही वाटेना.

त्याहून मोठा अडसर होता 'डिस्कव्हरी'चा. ही कविता ज्या परंपरेतली आहे तिचा सगळा डोलारा त्या शब्दावर उभा आहे. मराठीत आपण शाळेत शिकलो की कोलंबसानं अमेरिकेचा शोध लावला, आणि एडिसननं विजेच्या दिव्याचा शोध लावला. क्रियापद तेच. तिसरी-चौथीत असताना माझी प्रामाणिक समजूत होती की अमेरिका आधी नव्हतीच, कोलंबसानं ती बनवली. कार्यशाळेत हे सांगितलं तेव्हा बंगाली सहकारी हसला. त्याच्याकडेही 'आबिष्कार' दोन्हीकडे चालतो. तमिळ सहकारीण मात्र हसली नाही. तिनं शांतपणे सांगितलं, आमच्याकडे 'कंडुपिडि' म्हणतात. पाहून पकडणं. कन्नडमध्येही तसंच, 'कंडुहिडि'. मग टेबलाभोवती थोडा वेळ कुणी बोललं नाही. जे पाचशे वर्षांच्या इतिहासग्रंथांना सांगायला इतका वेळ लागला, ते दोन द्राविड भाषांच्या एका रोजच्या क्रियापदात आधीपासून होतं.

त्या संध्याकाळपासून मी व्हिटमनच्या आधीच्या आणि नंतरच्या कविता काढून बसले. प्रश्न साधा होता : एका नव्या देशाला आपली ओळख सांगण्यासाठी तीनशे वर्षांपूर्वीचा इटालियन दर्यावर्दी का लागला?

उत्तराचा पहिला धागा राजकीय आहे. इंग्लंडपासून फुटून निघालेल्या वसाहतींना इंग्लंडचा नसलेला मूळपुरुष हवा होता. कोलंबस इंग्लंडसाठी कधी निघालाच नव्हता, ही त्याची मोठी पात्रता ठरली. आज ज्याला अमेरिकेची संयुक्त संस्थानं म्हणतात त्या मुख्य भूमीवर त्यानं कधी पाऊल ठेवलं नाही, ही गोष्ट आड आली नाही. १७८४ मध्ये न्यूयॉर्कच्या किंग्ज कॉलेजचं नाव बदलून कोलंबिया कॉलेज झालं, आणि १७९१ मध्ये राजधानीच्या प्रदेशाला 'डिस्ट्रिक्ट ऑफ कोलंबिया' हे नाव मिळालं.

ही 'कोलंबिया' देवतेच्या रूपात कवितेत आणणाऱ्या पहिल्या काहींमध्ये एक नाव आहे फिलिस व्हीटली. १७७५ मध्ये तिनं जॉर्ज वॉशिंग्टनला उद्देशून लिहिलेल्या कवितेत ही देवता युद्धात उतरते. फिलिसला १७६१ मध्ये आफ्रिकेतून लहान वयात पकडून बोस्टनच्या बाजारात विकलं होतं. आडनाव मालकांचं आणि 'फिलिस' हे त्या गलबताचं नाव, ज्यातून तिला आणलं. जहाजाचं नाव अंगावर वागवणाऱ्या मुलीनं जहाजवाल्याच्या नावाची देवी नव्या देशाला दिली. कवितेच्या इतिहासात अशा गोष्टी तळटीपेत जातात. मला ती सुरुवात वाटते.

पुढे जोएल बार्लो. १७८७ मध्ये त्यानं 'द व्हिजन ऑफ कोलंबस' लिहिलं आणि वीस वर्षांनी, १८०७ मध्ये, ते वाढवून 'द कोलंबियाड' हे दहा सर्गांचं महाकाव्य केलं. नाव 'इलियड'च्या धर्तीवर. फिलाडेल्फियात ते मोठ्या थाटात, कोरीव चित्रांसह छापलं गेलं. कल्पना अशी : म्हातारा कोलंबस तुरुंगात खितपत पडलेला आहे, आणि एक दिव्य पुरुष येऊन त्याला त्याच्या श्रमांचं भविष्यातलं फळ दाखवतो. ते फळ म्हणजे अर्थातच अमेरिकी गणराज्य. आज हे काव्य अभ्यासकांखेरीज कुणी वाचत नाही, आणि वाचल्यावर त्याचं कारण कळतं. पण त्यातली युक्ती टिकली. इतिहासाची दिशा एकदा ठरवून टाकली की मधे जे काही झालं ते वाटेतला खर्च ठरतं.

१८२८ मध्ये वॉशिंग्टन आयर्विंगनं कोलंबसाचं चरित्र लिहिलं. पृथ्वी सपाट आहे असं मानणाऱ्या पंडितांशी एकटा झुंजणारा कोलंबस ही दंतकथा सर्वदूर नेण्यात त्या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. खरं तर त्या काळच्या सुशिक्षितांना पृथ्वी गोल असल्याचं ठाऊक होतं. वाद होता तो अंतराचा, आणि त्या वादात कोलंबसच चुकला होता. पण शाळेत आमच्यापर्यंत पोचला तो आयर्विंगचाच कोलंबस.

आता इथं मला आपल्याकडचा एक कागद मदतीला घ्यावासा वाटतो : सातबाराचा उतारा. जमीन कुणाची, कसतो कोण, आधीचं नाव कुणाचं, हे सगळं त्यावर असतं. नाव बदलायचं तर फेरफार नोंद करावी लागते. एकोणिसाव्या शतकातली ही अमेरिकी कविता वाचताना मला वारंवार वाटलं की आपण फेरफाराची वही वाचतो आहोत. फक्त ती छंदात आहे.

विल्यम कलन ब्रायंटची 'द प्रेअरीज' घ्या. तरुणपणी मीही या कवितेवर प्रेम केलं आहे. १८३२ मध्ये ब्रायंट आपल्या भावांना भेटायला इलिनॉयला गेला आणि तिथला अफाट गवताळ प्रदेश त्यानं पहिल्यांदा पाहिला. कवितेत तो त्या गवतात दिसणाऱ्या मातीच्या प्राचीन टेकाडांकडे वळतो. ही टेकाडं कुणी बांधली? कवीचं उत्तर : एका सुसंस्कृत, आता नष्ट झालेल्या वंशानं. मग 'लाल माणूस' आला, त्यानं त्यांना संपवलं, आणि आता तोही निघून गेला आहे. उत्तर एकट्या कवीचं नव्हतं, त्या काळी ते शास्त्र म्हणूनच चालत होतं. टेकाडं तिथल्याच मूळ रहिवाशांच्या पूर्वजांनी बांधली, हे सायरस थॉमसच्या सरकारी अहवालानं १८९४ मध्ये सिद्ध केलं.

या कल्पनेनं काय साधलं ते महसुली भाषेत लगेच कळतं. मूळ मालक नामशेष झाला. सध्याचा कब्जेदार हाच अतिक्रमण करणारा निघाला. मग तिसऱ्याचं नाव लावायला हरकत कसली? मूळ जमातींना मिसिसिपीपलीकडे हुसकावणारा कायदा १८३० चा, ब्रायंटच्या प्रवासाच्या दोनच वर्षं आधीचा. आणि १८३२ च्या त्याच उन्हाळ्यात, त्याच इलिनॉयमध्ये, ब्लॅक हॉक हा सॉक जमातीचा नेता आपल्या लोकांना घेऊन जुन्या जमिनीवर परतला म्हणून त्याच्याविरुद्ध लढाई चालू होती. कवितेतलं मोकळं रान त्या वेळी मोकळं केलं जात होतं.

'रान' हा शब्दही अनुवादात छळतो. इंग्रजीतलं 'विल्डरनेस' हे माणसावाचूनचं असतं. आपलं अरण्य कधी रिकामं नव्हतं. दंडकारण्यात ऋषी आहेत, राक्षस आहेत, शबरी आहे. मराठीत 'निर्जन' हे विशेषण वेगळं लावावं लागतं. ते लावताना माझा हात अडतो, कारण लावलं की मीही फेरफारावर सही करते.

सगळेच कवी डोळे मिटून बसले होते असं मात्र नाही. लिडिया सिगर्नी ही त्या काळची अतिशय लोकप्रिय कवयित्री. तिची 'इंडियन नेम्स' ही कविता १८३४ मधली. तिचा मुद्दा बिनतोड आहे : तुम्ही म्हणता ते लोक गेले, पण तुमच्या नद्यांना, डोंगरांना, राज्यांना त्यांचीच नावं आहेत. ती कशी पुसाल? ओहायो, मिसिसिपी, मॅसॅच्युसेट्स. सातबाऱ्यावरून नाव काढलं तरी शिवाराचं नाव जुन्या माणसाचंच राहतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही गावाला ठाऊक आहे.

या सगळ्यानंतर मी पुन्हा व्हिटमनकडे आले. 'पॅसेज टू इंडिया'मागे तीन ताज्या घटना आहेत : १८६६ मध्ये अटलांटिकच्या तळाशी यशस्वीपणे टाकलेली तारेची केबल, १० मे १८६९ रोजी युटातल्या प्रोमोन्टरी इथं पूर्व-पश्चिम रेल्वेमार्गांची झालेली जोडणी, आणि त्याच वर्षी १७ नोव्हेंबरला खुला झालेला सुएझ कालवा. पृथ्वीला वळसा पूर्ण झाला, कोलंबसाचं स्वप्न खरं झालं, अशी ही कविता. त्यात वास्को द गामा आहे, गंगा आहे, बुद्ध आहे, औरंगजेबसुद्धा आहे. ज्याच्या कबरीवर आपण अजून भांडतो तो औरंगजेब व्हिटमनच्या मुक्तछंदात भेटला तेव्हा मी दचकले.

रेल्वेचा भाग माझ्या वाट्याला आला होता. कवी गाडीतून जाताना लॅरामीची मैदानं, वॉसॅच पर्वत, ताहो सरोवर मोजत जातो. वॉसॅच आणि ताहो ही नावं मूळ रहिवाशांच्या भाषांतली. ती माणसं मात्र खिडकीतून दिसत नाहीत. रेल्वेच्या पश्चिमेकडच्या भागात खडक फोडणारे बहुसंख्य मजूर चिनी होते. तेही दिसत नाहीत. कवितेत सगळ्या वंशांचं लग्न लागतं, आणि ती प्रसिद्ध झाल्यावर अकरा वर्षांनी, १८८२ मध्ये, त्याच देशानं चिनी मजुरांना दार बंद करणारा कायदा केला.

व्हिटमनला माहीत नव्हतं म्हणून सोडून द्यावं, तर तेही जमत नाही. १८६५ च्या जानेवारीत त्याला वॉशिंग्टनमध्ये कारकुनाची नोकरी लागली होती ती इंडियन कारभार कचेरीतच. जमातींचे पुढारी शिष्टमंडळं घेऊन तिथं येत. त्यानं त्यांना जवळून पाहिलं होतं आणि त्यांच्याबद्दल पुढे आदरानं लिहिलंही. त्याच वर्षी ३० जूनला गृहखात्याच्या मंत्र्यानं त्याला 'लीव्ह्ज ऑफ ग्रास'पायी काढून टाकलं. एका अर्थानं व्हिटमननं इंडियासाठी सहा महिने नोकरी केली, फक्त ती आपली इंडिया नव्हती.

मग मी हा कवी टाकून का देत नाही? कारण पुढचं पान. जानेवारी १८७३ मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. मे महिन्यात आई गेली. मार्च १८७४ मध्ये 'हार्पर्स' मासिकात 'प्रेअर ऑफ कोलंबस' प्रसिद्ध झाली. इथला कोलंबस विजयी नाही. जमैकाच्या किनाऱ्यावर जहाजं कुजलेली, अंगात दुखणं, आपण खरंच काय केलं याची खात्री नाही, असा एक म्हातारा देवाशी बोलतो आहे. कवीनं देशाच्या मूळपुरुषाला उचलून आपल्या आजाऱ्याच्या खाटेवर आणून ठेवलं. तिथं पुतळा कोसळतो आणि माणूस उरतो. 'पॅसेज टू इंडिया'च्या शेवटाकडेही असंच काहीसं होतं. जायचं ठिकाण इंडियाच्या पलीकडे सरकतं, आणि नकाशा संपल्यावर कवी आत्म्याशी बोलू लागतो. या कवितेचं नाव पुढे १९२४ मध्ये ई. एम. फॉर्स्टरनं आपल्या कादंबरीला घेतलं. पण ते नाव घेताना दोन माणसं एकमेकांपर्यंत पोचत नाहीत अशी गोष्ट त्यानं सांगितली. मला हा वाचकानं कवीला दिलेला एक उत्तम जबाब वाटतो.

व्हिटमन २६ मार्च १८९२ रोजी गेला. त्याच वर्षी कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं पूर्ण होत होती. शिकागोत भव्य जागतिक प्रदर्शन भरायचं होतं. चित्र, शिल्प, वास्तू यांना जागा आहे आणि कवितेला नाही, हे शिकागोच्या हॅरिएट मन्रो या तरुण कवयित्रीला सहन झालं नाही. तिनं आयोजकांच्या मागे लागून उद्घाटनाची कविता लिहिण्याचं काम मिळवलं आणि एक हजार डॉलर मानधनही घेतलं. २१ ऑक्टोबर १८९२ रोजी 'कोलंबियन ओड' वाचली-गायली गेली. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' दैनिकानं ती परवानगीशिवाय आधीच छापून टाकली, तेव्हा मन्रोनं खटला भरला आणि पाच हजार डॉलरची भरपाई मिळवली. अनुवादक म्हणून हा भाग मी नेहमी दोनदा वाचते.

१८९३ मध्ये प्रत्यक्ष प्रदर्शन भरलं. १२ जुलैला फ्रेडरिक जॅक्सन टर्नर या तरुण इतिहासकारानं तिथं आपला प्रसिद्ध निबंध वाचला : पश्चिमेकडे सरकत जाणाऱ्या सरहद्दीनं अमेरिकी माणूस घडवला आणि आता ती सरहद्द संपली. हैतीच्या दालनात फ्रेडरिक डग्लस होते, आणि त्यांचा मदतनीस होता एकवीस वर्षांचा कृष्णवर्णीय कवी पॉल लॉरेन्स डनबार. सप्टेंबरात सर्वधर्म परिषद झाली. तिथं विवेकानंद बोलले हे सर्वांना ठाऊक आहे. मुंबईचे बी. बी. नागरकर आणि जैन धर्माचे प्रतिनिधी वीरचंद गांधीही तिथं होते. इंडियाची वाट शोधायला निघालेल्या माणसाच्या उत्सवात अखेर इंडियातून माणसं आली, स्वतःच्या पायांनी.

आणि त्याच प्रदर्शनात सायमन पोकागन होता. पोटावाटोमी जमातीचा. शिकागोची जमीन ज्या लोकांची, त्यांच्यातला. १८३३ च्या शिकागो करारानं ती जमीन गेली तेव्हा त्या करारात त्याच्या वडिलांचाही सहभाग होता. पोकागननं 'द रेड मॅन्स रिब्यूक' नावाची पुस्तिका काढली, भूर्जाच्या सालीवर छापलेली. आमच्या लोकांच्या वतीनं मी या उत्सवात आनंद मानू शकत नाही, हे त्यात त्यानं स्पष्ट लिहिलं. झाडाच्या सालीवरचा तो मजकूर म्हणजे फेरफाराला घेतलेली लेखी हरकत आहे. ती मंजूर झाली नाही, पण दाखल झाली.

मराठीत या सगळ्याची चाहूल आधीच लागली होती. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या, देशभर हिंडल्या आणि १८८९ मध्ये 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' लिहिलं. त्या देशाचं त्यांना मनापासून कौतुक आहे. तरीही मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्याय त्यांच्या नजरेतून सुटलेला नाही. शिकागोच्या चार वर्षं आधी हे मराठीत छापलेलं होतं.

हॅरिएट मन्रोचं पुढचं आयुष्य सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही. १९१२ मध्ये तिनं 'पोएट्री' हे मासिक सुरू केलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबर अंकात रवींद्रनाथांच्या सहा कविता छापल्या. कवीनं स्वतः इंग्रजीत आणलेल्या, नोबेलच्या वर्षभर आधी. कोलंबसाच्या ओडेनं कारकीर्द सुरू करणाऱ्या बाईपर्यंत इंडिया पोचली ती जहाजातून मसाल्यासारखी नाही, भाषांतरातून.

तिसऱ्या दिवशी मी माझे भाग वाचून दाखवले. शीर्षक दिलं होतं 'हिंदुस्थानची वाट'. मराठी येणारे दोघं-तिघं लगेच हसले, कारण आपल्याकडे वाट दाखवतात, वाट पाहतात आणि वाट लावतातही. मी म्हटलं, तिन्ही असू द्या, त्या रस्त्यावर तिन्ही झालं आहे. 'निर्जन' कुठेही लावलं नाही. आणि टिपणात जिथं 'डिस्कव्हरी' सांगावी लागली तिथं 'शोध लावला' खोडून 'कोलंबसाच्या हाती अमेरिका लागली' असं लिहिलं. तमिळ सहकारिणीनं अर्थ विचारला. मी हात पुढे करून मूठ मिटून दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडेही आहे की!"